सैनिकगौरव गोधड्या

सैनिकगौरव गोधड्या : युद्धात सेवा केलेल्या आजी-माजी सैनिकांना कृतज्ञतेची खूण म्हणून देण्यासाठी नागरिकांनी कापडाचे तुकडे जोडून शिवलेली पांघरुणे. त्यांचा प्रसार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) झालेला असून राष्ट्रध्वजाचे लाल, पांढरा व निळा हे रंग, तसेच तारे, पट्टे, गरुड यांसारखी राष्ट्रीय चिन्हे त्यांत विपुल आढळतात. जखमी सैनिकांसाठी पांघरुणे शिवण्याची पद्धत त्या देशात एकोणिसाव्या शतकापासून आहे. मात्र अशा पांघरुणास मानचिन्हाचे स्वरूप देऊन ते समारंभपूर्वक प्रदान करण्याची संघटित चळवळ २००३ मध्ये सुरू झाली. उबेची साधी गरज, हस्तकला, राष्ट्रभावना आणि युद्धाने पोळलेल्या माणसाविषयीची सहानुभूती या चारही गोष्टी या गोधड्यांत एकत्र आल्या आहेत.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेत स्थायिक झालेल्या यूरोपीयांनी गोधडी शिवण्याची कला आपल्याबरोबर नेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिरणीचे छापील सुती कापड तेथे स्वस्त झाले आणि ठराविक आकाराचे चौकोन स्वतंत्रपणे शिवून ते पुढे एकत्र जोडण्याची खास अमेरिकन पद्धत रूढ झाली. लहान जागेत, फावल्या वेळात एकेक चौकोन शिवता येत असल्याने ही पद्धत गृहिणींना सोयीची वाटली. अनेक स्त्रियांनी प्रत्येकी एक चौकोन शिवायचा आणि शेवटी एकत्र बसून गोधडी पुरी करायची, ही सामुदायिक शिवणाची प्रथाही याच सोयीमुळे शक्य झाली. सैनिकांसाठी पुढे झालेले सर्व काम याच प्रथेवर उभे राहिले.

यादवी युद्ध (१८६१–६५) सुरू झाले तेव्हा उत्तरेकडील सेनेजवळ रुग्णालये, खाटा आणि पांघरुणे यांची मोठी टंचाई होती. जून १८६१ मध्ये स्थापन झालेल्या यू. एस. सॅनिटरी कमिशन या संस्थेने गावोगावच्या महिला मदत मंडळांकडून साहित्य गोळा करून ते रुग्णालयांना व छावण्यांना पोहोचविण्याचे काम हाती घेतले. रुग्णालयातील अरुंद खाटेस पुरेल अशी, सुमारे ७ फूट लांब व ५० इंच रुंद आणि स्वस्त कापडाची गोधडी पाठवावी, अशी संस्थेची सूचना असे. घरातील मोठ्या गोधड्या कापून त्या मापाच्या करण्यात आल्या आणि नव्याही शिवण्यात आल्या. उत्तरेकडील सैनिकांना अशा प्रकारे अडीच लाखांच्या आसपास गोधड्या व जाड पांघरुणे मिळाली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांपैकी फारच थोड्या आज शिल्लक आहेत. कारण त्या वापरून जीर्ण झाल्या आणि मृत सैनिकांना पुरताना प्रेतवस्त्र म्हणूनही काही कामी आल्या. काही गोधड्यांवर शिवणाऱ्या स्त्रियांनी आपली नावे, गावाचे नाव व धीराचे शब्द शाईने लिहिले होते.

देशभक्तिपर आकृतिबंधाची लाटही याच काळात आली. फिलाडेल्फियाच्या पीटर्सन्स मॅगझीन या स्त्रियांच्या नियतकालिकाने जुलै १८६१ च्या अंकात तारे व पट्टे असलेल्या गोधडीचा रंगीत नमुना प्रसिद्ध केला आणि त्यावरून अनेक गोधड्या तयार झाल्या. सॅनिटरी कमिशनच्या मदतीसाठी शिकागो (१८६३), न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया (१८६४) इ. शहरांत भरलेल्या मोठ्या जत्रांतून गोधड्या विकून निधी उभारण्यात आला. दक्षिणेत नौदलाच्या नाकेबंदीमुळे कापडाचा दुष्काळ पडला व घरातील गालिचे कापून सैनिकांसाठी पांघरुणे करण्याची वेळ आली. अ‍ॅलाबॅमातील स्त्रियांनी १८६२ मध्ये तोफनौकेसाठी निधी जमविताना उंची कापडाच्या गोधड्यांचा लिलाव केला. त्या 'गनबोट क्विल्ट' या नावाने ओळखल्या जातात.

सैनिकांनी शिवलेल्या गोधड्या : गोधडी शिवणे हे केवळ स्त्रियांचे काम, ही समजूत लष्करी गोधड्यांच्या बाबतीत टिकत नाही. क्रिमियाच्या युद्धाच्या (१८५३–५६) सुमारास ब्रिटिश सैन्यातील जखमींना अंथरुणावर असताना शिवणकाम देण्यात येई. गणवेशाच्या जाड लोकरी कापडाचे लाल, काळे, पिवळे, पांढरे तुकडे त्यासाठी वापरीत. टॉमस वुड या चित्रकाराने १८५६ मध्ये रंगविलेल्या चित्रात डोक्यास जखम झालेला टॉमस वॉकर नावाचा शिपाई रुग्णालयातील खाटेवर बसून अशीच गोधडी शिवताना दिसतो.

या प्रकाराचा भारताशी प्रत्यक्ष संबंध आहे. हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांत गोऱ्या शिपायांचा वेळ रिकामा जाई आणि दारूचे व्यसन हा अधिकाऱ्यांपुढील मोठा प्रश्न होता. मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्यांनी शिवणकाम हा त्यावरील एक उपाय मानला. पलटणीतील शिंप्यांनी व शिपायांनी गणवेशाच्या कातरणापासून बारीक भौमितिक आकृत्यांची पांघरुणे तयार केली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अ‍ॅल्बर्ट संग्रहालयात फ्रान्सिस ब्रेली या शिपायाने भारतात १८६४ ते १८७७ या काळात शिवलेली गोधडी जतन करण्यात आली आहे. जखमी अथवा एकाकी माणसाचे हात आणि मन गुंतवून ठेवण्याचे शिवणकामाचे सामर्थ्य अशा रीतीने लष्करास फार पूर्वीच जाणवले होते.

महायुद्धांचा काळ : पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) अ. सं. सं. उतरल्यावर लोकरीची घोंगडी सैन्यासाठी राखून ठेवावी व घरात गोधड्या वापराव्यात, असा प्रचार करण्यात आला. त्याचबरोबर 'स्वाक्षरी गोधडी' हा निधी उभारण्याचा मार्ग लोकप्रिय झाला. मॉडर्न प्रिसिला या मासिकाने डिसेंबर १९१७ मध्ये रेड क्रॉससाठी एक हजार डॉलर मिळवून देऊ शकेल अशा गोधडीचा आराखडा छापला. ठराविक रक्कम देणाऱ्याचे नाव पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याने भरीत. मध्यभागी लाल क्रूस असे आणि पूर्ण झालेली गोधडी लिलावात किंवा सोडतीत काढीत. पुष्कळदा ती विकत घेणारा ती पुन्हा रेड क्रॉसलाच अर्पण करी. या गोधड्यांवरील नावांमुळे त्या आज स्थानिक इतिहासाची साधने ठरल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) कॅनडातील स्त्रियांनी रेड क्रॉसच्या द्वारे हजारो गोधड्या ब्रिटनला पाठविल्या. बाँबवर्षावात घरे गमावलेल्या कुटुंबांना व रुग्णालयांना त्यांचे वाटप झाले. अमेरिकेत याच वेळी विजयदर्शक 'व्ही' हे अक्षर, तारे व गरुड असलेल्या गोधड्या शिवण्यात आल्या.

सिंगापूरच्या चांगी तुरुंगातील गोधड्या या काळातील सर्वांत हृद्य उदाहरण होय. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी तेथील यूरोपीय नागरिकांना स्थानबद्ध केले. स्त्रिया व मुले यांना पुरुषांपासून वेगळे ठेवण्यात आले. पती जिवंत आहे की नाही, हेही अनेकींना ठाऊक नव्हते. एथेल मलव्हनी या कॅनडियन स्त्रीच्या पुढाकाराने तेथील स्त्रियांनी तीन गोधड्या तयार केल्या. प्रत्येक गोधडीत ६६ चौकोन होते. प्रत्येकीने आपल्या चौकोनात नाव आणि 'स्वतःविषयीचे काहीतरी' भरावे, असे ठरले होते. पहाऱ्यातून निरोप पाठविण्याचा दुसरा मार्ग नसल्याने हे चौकोन म्हणजे लष्करी रुग्णालयातील आप्तांना पाठविलेली पत्रेच होती. एक गोधडी ब्रिटिश, दुसरी ऑस्ट्रेलियन व तिसरी जखमी जपानी सैनिकांसाठी, असे त्यांचे वर्गीकरण केलेले होते. जपानी सैनिकांचा समावेश केल्यामुळे गोधड्या बाहेर जाऊ देण्यास पहारेकऱ्यांची संमती मिळणे सोपे झाले, असे मानले जाते. यांपैकी दोन गोधड्या कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन युद्ध स्मारकात असून एक ब्रिटिश रेड क्रॉसकडे आहे.

आधुनिक चळवळ : व्हिएटनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे स्वागत त्यांच्या आधीच्या पिढ्यांसारखे झाले नाही. युद्धाविषयीचा लोकांचा राग पुष्कळदा सैनिकांच्या वाट्यास आला व अनेकांनी आपण युद्धावर होतो हे वर्षानुवर्षे लपवून ठेवले. युद्धाच्या आघाताने होणारी दीर्घकालीन मानसिक पीडा हा स्वतंत्र विकार असल्याचे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत १९८० मध्ये प्रथमच नमूद झाले. वॉशिंग्टन येथे १९८२ साली उभारलेल्या व्हिएटनाम स्मारकाने मृतांची नावे कोरली; परंतु जिवंत परतलेल्यांना उद्देशून समाजाने काही म्हणावे, ही गरज शिल्लकच राहिली. दुसरीकडे १९७१ मधील न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील प्रदर्शन व १९७६ मधील स्वातंत्र्याची द्विशताब्दी यांमुळे गोधडीकलेचे पुनरुज्जीवन झाले होते. पुढील चळवळीस लागणारी कारागीर मंडळी या पुनरुज्जीवनातून तयार झाली.

'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर' (शौर्याच्या गोधड्या) ही चळवळ डेलावेअर राज्यातील सीफर्ड येथील कॅथरिन रॉबर्ट्‌स यांनी २००३ मध्ये सुरू केली. त्यांचा मुलगा त्या वेळी इराकमध्ये तैनात होता. अंथरुणाच्या कडेवर खिन्नपणे बसलेला एक तरुण सैनिक आणि नंतर गोधडी पांघरल्यावर सावरलेला तोच सैनिक, असे दृश्य त्यांना सुचले व त्यातून ही कल्पना आकारास आली. नोव्हेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या तत्कालीन वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या एका सैनिकास पहिली गोधडी देण्यात आली. पुढे या चळवळीस विश्वस्त संस्थेचे स्वरूप मिळाले. आयोवा राज्यातील विंटरसेट हे तिचे केंद्र होय. प्रारंभी भर जखमींवर होता. नंतर युद्धाची झळ पोहोचलेल्या सर्व सैनिकांचा समावेश झाला आणि दुसरे महायुद्ध, कोरिया व व्हिएटनाम येथे लढलेले वृद्धही मानकरी ठरले. २०२४ पर्यंत तीन लाखांहून अधिक गोधड्या प्रदान करण्यात आल्या होत्या. कॅनडात याच धर्तीची संस्था २००६ मध्ये निघाली.

रचना व तंत्र : अशा गोधडीचे तीन थर असतात. तुकडे जोडून केलेला वरचा दर्शनी थर, मधले कापसाचे अथवा कृत्रिम तंतूंचे भरण आणि खालचे अस्तर. हे तीनही थर एकत्र धरून ठेवणारे टाके म्हणजेच खरे गोधडीकाम होय. काम सर्वसाधारणपणे पुढील क्रमाने चालते : कापड धुऊन व इस्त्री करून घेणे, तुकडे बेतणे, ते जोडून चौकोन तयार करणे, चौकोनांच्या ओळी व ओळींचा दर्शनी थर करणे, थर एकावर एक पसरून कच्च्या टाक्यांनी बांधणे, गोधडीचे टाके घालणे आणि शेवटी चारही कडांना गोट लावणे.

तुकडे जोडताना शिवणीसाठी सर्वत्र पाव इंच माया सोडतात. ही माया तंतोतंत सारखी असणे अत्यंत महत्त्वाचे असते. कारण एका शिवणीतील थोडीशी चूक ओळीच्या अखेरीस इंचभर वाढते आणि चौकोन जुळत नाहीत. उदा., नऊ सारख्या तुकड्यांचा १२ इंची चौकोन करावयाचा, तर प्रत्येक तुकडा शिवणीनंतर ४ इंच राहावा म्हणून ४½ इंच कापावा लागतो. असे २० चौकोन चार रांगांत व पाच ओळींत जोडले, की १८० तुकड्यांतून ४८ x ६० इंचांचा मध्यभाग तयार होतो. भोवती ६ इंचांची किनार दिल्यास गोधडीचे माप ६० x ७२ इंच (सु. १५२ x १८३ सेंमी.) भरते. क्विल्ट्स ऑफ व्हॅलर या संस्थेने ५५ x ६५ इंचांपेक्षा लहान व ७२ x ९० इंचांपेक्षा मोठी गोधडी नको, असा दंडक घातला आहे. प्रौढ माणसाच्या अंगाभोवती ती पुरावी, तसेच चाकांच्या खुर्चीत वा रुग्णालयाच्या खाटेवर ओझे होऊ नये, हे या मापाने साधते.

केवळ दोऱ्यांच्या गाठी मारून थर बांधलेली पांघरुणे यादवी युद्धात सर्रास चालत. आजच्या गौरव गोधड्यांत मात्र टाके घालणे आवश्यक मानतात. हे टाके हाताने, घरगुती शिवणयंत्रावर अथवा लांब हाताच्या खास यंत्रावर घालतात. असे यंत्र महाग असल्याने दर्शनी थर एकीने शिवायचा व टाके यंत्र बाळगणाऱ्या दुसरीने विनामूल्य घालायचे, अशी श्रमविभागणी रूढ आहे.

उरलेल्या कापडाचा उपयोग हा गोधडीचा मूळ धर्म. घरच्या शिवणातील कातरण वर्षानुवर्षे साठवून त्यातून बहुरंगी 'चिंधी गोधडी' केली जाते. मात्र जुने विरलेले कापड नव्या कापडाशेजारी आधी फाटते आणि लाल व गडद निळे रंग धुताना पांढऱ्यावर उतरतात. म्हणून मानचिन्हाच्या गोधडीसाठी चांगल्या प्रतीच्या सुती कापडाचे तुकडे निवडावेत आणि रंगांची परीक्षा आधी करावी, असा संकेत आहे. ती दिखाऊ वस्तू नसून रोज वापरून वारंवार धुतली जाणार, हे त्यामागील कारण होय.

आकृतिबंध व ध्वजाची मर्यादा : तारा हा सर्वांत लोकप्रिय घटक होय. चौकोन कर्णावर विभागून मिळणाऱ्या त्रिकोणांपासून अनेक प्रकारचे तारे रचता येतात. लांब पट्ट्यांची मध्यभागाभोवती मांडणी करून होणारी 'लाकडी झोपडी' व उडत्या पक्ष्यांच्या रांगेसारखी त्रिकोणांची रचना हे जुने नमुनेही प्रचारात आहेत. लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांची सक्ती नसून मानकऱ्याच्या आवडीचे रंगही वापरता येतात.

प्रत्यक्ष राष्ट्रध्वज मात्र गोधडीत शिवीत नाहीत. अमेरिकेच्या ध्वजसंहितेनुसार ध्वजाचा उपयोग कपडे, अंथरूण-पांघरूण किंवा पडदे यांसाठी करू नये, असे सांगितले आहे. त्यामुळे तारे व पट्टे सुटे करून ध्वजाची आठवण द्यायची, पण ध्वज म्हणून फडकविता येईल अशी वस्तू बनवावयाची नाही, ही मर्यादा जाणकार शिवणारे पाळतात.

प्रदानविधी : गोधडी विकली जात नाही किंवा सोडतीतही काढली जात नाही, ती विनामूल्य प्रदान केली जाते. सैनिकाचे नाव दुसऱ्या कोणी सुचवावे, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. पाठीमागे शिवलेल्या चिठ्ठीवर मानकऱ्याचे नाव, शिवणारी व टाके घालणारी यांची नावे आणि दिनांक लिहितात. समारंभात गोधडी सैनिकाच्या हाती न देता त्याच्या खांद्याभोवती लपेटतात. या कृतीत सत्काराइतकेच मायेचे आच्छादनही अभिप्रेत असते. व्हिएटनाममध्ये लढलेल्या अनेकांना मायदेशी स्वागताचे शब्द अशा प्रसंगी चार-पाच दशकांनंतर प्रथम ऐकावयास मिळाले.

सामाजिक आशय : या चळवळीविषयी मतभेदही आहेत. राष्ट्रीय चिन्हांनी सजविलेल्या सन्मानामुळे युद्धाचा गौरव होतो व त्याच्या कारणांची चिकित्सा मागे पडते, असा एक आक्षेप घेतला जातो. सैनिकांचे औषधोपचार, निवृत्तिवेतन व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी असून खासगी दयाबुद्धीने तिची जागा घेऊ नये, असेही म्हटले जाते. यावर चळवळीची भूमिका अशी, की युद्ध योग्य की अयोग्य याचा निर्णय सैनिक घेत नाही. त्याची झळ मात्र त्यालाच बसते. गोधडी हा उपचार नव्हे आणि तिने जुनी जखम भरून येते, असा दावाही करता येत नाही. परंतु आपल्यासाठी अनोळखी माणसाने कित्येक दिवस खपून काही तयार केले, ही जाणीव एकाकी पडलेल्या माणसास समाजाशी पुन्हा जोडू शकते. शिवणाऱ्यांतही सैनिकांच्या माता, पत्नी, विधवा व स्वतः माजी सैनिक असतात. त्यांच्या दृष्टीने हे काम म्हणजे चिंता आणि दुःख यांना वाट करून देण्याचे साधन होय. शोक आणि स्मृती व्यक्त करण्याची गोधडीची ही शक्ती एड्सच्या बळींच्या स्मरणार्थ १९८७ मध्ये वॉशिंग्टन येथे प्रथम मांडलेल्या भव्य गोधडीतही प्रकट झाली होती.

भारतीय परंपरा : जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने शिवून पांघरूण करण्याची पद्धत भारतात सर्वत्र आहे. महाराष्ट्रातील गोधडी व वाकळ, बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंदी ही तिची काही रूपे होत. मराठी घरात आजी-आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी नवजात बालकासाठी शिवतात. ज्या माणसाचे वस्त्र, त्याची माया त्या उबेत उतरते, अशी त्यामागील भावना असते. अमेरिकन गोधडीत दर्शनी थर तुकड्यांच्या जोडणीने आधी पूर्ण होतो व टाके नंतर येतात. मराठी गोधडीत तुकडे पुष्कळदा थरांवर थेट ठेवून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जातात. दोन्हींमागील तत्त्व मात्र एकच आहे : एकटा तुकडा टाकाऊ ठरतो, अनेक तुकडे जोडले, की ऊब देणारे वस्त्र निर्माण होते. युद्धातून परतलेल्या माणसासाठी समाजाने निवडलेले हे प्रतीक म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. [→ गोधडी, भरतकाम].